फिरता फिरेना

माणूस नळ कोरड्या हातांनी विकत घेतो, इथून सगळ्या घोळाला सुरुवात होते. शोरूममध्ये एसी चालू असतो, भिंतीवर नळांची चकचकीत रांग असते आणि त्यातल्या एकालाही पाणी नसतं. आपण इस्त्रीचे कपडे घालून उभे असतो. सेल्समन एक गोल, गुळगुळीत चावी आपल्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, "सर, वजन बघा." आपण वजन बघतो. शॉवर उघडताना चावी उचलायची नसून फिरवायची असते, हे त्या क्षणी कुणाच्याच डोक्यात येत नाही. चप्पल घेताना आपण दुकानात चार पावलं चालून बघतो, गादी घेताना तिच्यावर आडवे होतो, आंबे घेताना तर देठाशी नाक खुपसतो. पण नळ घेताना "जरा साबण आणि तांब्याभर पाणी आणा हो" असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय.

आमच्या बाथरूममधल्या शॉवरच्या चाव्या तर आम्ही एवढंही बघून घेतलेल्या नव्हत्या. त्या बिल्डरने निवडल्या होत्या, आणि बिल्डर आमच्याकडे आंघोळीला येण्याची शक्यता नव्हती. भिंतीत दोन गोल चाव्या, एकीवर लाल ठिपका, दुसरीवर निळा. ना कंगोरा, ना खाच, ना कडेला नक्षी. बोटाला धरायला म्हणून काही सापडू नये याची कारखान्यात कुणीतरी जातीने खात्री करून घेतलेली असावी. कोरड्या हाताला त्या कशाबशा दाद देत. ओल्या हाताला विचार करून सांगत. साबणाचा हात लागला की संबंधच संपला.

त्यात पुण्यातल्या सोसायट्यांना सोलरचं पाणी. सूर्य फुकट असला तरी त्याचं पाणी गच्चीवर असतं, आणि गच्चीपासून आमच्या मजल्यापर्यंतच्या पाइपात रात्रभर साचलेलं गार पाणी आधी वाहून जावं लागतं. म्हणजे लाल चावी उघडायची, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, पायाने पाण्याचा अंदाज घेत राहायचं. गरम येतं ते एकदम चटका देणारं येतं. मग निळी चावी उघडून, लाल जरा मिटवून मेळ घालायचा. तोवर अंगाला साबण लागलेला असतो. इथून पुढे जे चालतं त्याला आंघोळ का म्हणतात, मला माहीत नाही.

घरातल्या प्रत्येकाने आपापली तोड काढली होती. बायको चावीभोवती नॅपकिन गुंडाळायची. मुलगी भांडी घासायचा रबरी हातमोजा घेऊन आंघोळीला जायची. मी दोन्ही तळहातांच्या मध्ये चावी धरून ताकातली रवी फिरवावी तशी फिरवायचो. मुलगा जिममध्ये जातो, त्याला प्रश्नच कळत नव्हता. पाहुण्यांचे हाल वेगळे. दुसऱ्याच्या घरी बाथरूममधून ओरडून "शॉवर उघडत नाहीये" असं सांगणं मराठी माणसाच्या रक्तात नाही. नाशिकहून आलेले एक नातेवाईक बऱ्याच वेळाने बाहेर आले, भांग पाडलेला, मानेला पावडर. "छान झाली आंघोळ," म्हणाले. मागोमाग मी आत गेलो. फरशी ठणठणीत कोरडी होती.

आता एवढी साधी चावी फिरायला इतकी जड का व्हावी? या जुन्या पद्धतीच्या नळात, ज्याला दुकानदार फुल टर्न म्हणतात, आट्यांवर फिरत पुढे जाणारी एक दांडी असते. तिला म्हणायचं स्पिंडल. तिच्या टोकाला रबरी वायसर. तो वायसर पितळी बैठकीवर दाबला गेला की पाणी थांबतं. नुसता टेकून चालत नाही, दाबला जावा लागतो. रबर झिजलं की थेंब गळतो. थेंब गळला की माणूस चावी आणखी आवळतो. आवळलं की रबर आणखी कापलं जातं आणि पुढच्या आठवड्यात आणखी आवळावं लागतं. भरीला टँकरचं, बोअरचं पाणी. त्यातले क्षार आट्यांमध्ये पांढरे पांढरे बसत जातात. म्हणजे एकीकडून माणसं आवळतायत आणि दुसरीकडून भूगर्भ.

पण आमच्या घरातलं खरं कारण यांत्रिक नव्हतंच. ते वेळापत्रकाचं होतं. रात्री जिमहून आल्यावर शेवटची आंघोळ घरातला सर्वांत दणकट माणूस करतो आणि नळ आवळून झोपायला जातो. पहाटे पाच वाजता पहिली आंघोळ करायला घरातला सर्वांत म्हातारा माणूस उठतो. हा सामना रोज होत होता आणि एकानेही दुसऱ्याला कधी बघितलेलं नव्हतं.

म्हातारं माणूस म्हणजे आमची आई. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, घरातून अजून झालेली नाही. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज आहे. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हे फार आढळतं, असं डॉक्टर म्हणाले. चिमटीत काही घट्ट धरलं, की बोटांच्या टोकांशी जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी पट दाब अंगठ्याच्या मुळाशी पडतो. बरणीचं झाकण, कुलपाची किल्ली, गुळगुळीत गोल चावी, हे सगळे त्या सांध्याचे वैरी. आईचं निदान वेगळं होतं. "खडू धरून धरून झालंय. मला काही झालेलं नाही."

काही झालेलं नसल्यामुळे तिने तक्रारही केली नाही. तिने फक्त शॉवर सोडला. त्यासाठी तत्त्वज्ञान तयार होतं. शॉवरने अंग भिजतं, आंघोळ होत नाही. सोलरच्या पाण्याने केस गळतात. बादली आणि तांब्या हीच खरी भारतीय पद्धत. बादलीच्या नळाची चावी जुन्या घाटाची, चार कानांची, आणि ती आईच्या बोटांना जमत होती. तिला गार पाण्याचीच लाइन आहे, हा मुद्दा आमच्यापैकी कुणी काढला नाही. उलट "आई या वयातही गार पाण्याने आंघोळ करते" हे आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगत होतो.

बिंग फोडलं गॅस सिलिंडरने. तो पूर्वीपेक्षा लवकर संपायला लागला. बायकोला रेग्युलेटरचा संशय आला, मला एजन्सीचा. मग एकदा पहाटे पाणी प्यायला उठलो, तर आई मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, दोन फडक्यांत धरून, अंधारातून बाथरूमकडे निघालेली. म्हणजे जी चावी फिरवताना अंगठा दुखतो ती फिरवायला नको, म्हणून त्याच अंगठ्याने उकळतं पातेलं धरून जायचं. मी म्हटलं, "आई, सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "बाजूला हो, सांडेल."

चावीच्या जागी दांडी बसवली तर हे सगळं मिटतं, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. आमची गोल चावी साधारण पाच सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अडीच. दहा सेंटीमीटर लांबीची दांडी लावली तर तेवढ्याच कामाला पाव जोर पुरतो. शिवाय चिमूट नको, पकड नको. तळहाताने ढकला, मनगटाने ढकला, अगदीच वेळ आली तर कोपराने. हे तरफेचं गणित आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडून ठेवलेलं आहे. आता गंमत बघा, हा मनुष्य जगात दोनच गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, एक आंघोळ आणि दुसरी तरफ. तो टबातून उठून तसाच रस्त्यावर पळाला ही गोष्ट खरी असो नसो, पण ज्याने दोन्ही विषय हाताळले त्याचं काम बावीसशे वर्षांत आमच्या बाथरूमपर्यंत पोचलेलं नव्हतं.

पोचलं तिथेही सरळ मार्गाने पोचलेलं नाही. १९३७ साली अमेरिकेत आल्फ्रेड मोएन नावाच्या विद्यार्थ्याने दोन चाव्यांचा नळ उघडला आणि हात भाजून घेतला. सोलरवाल्या सोसायटीत राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपण चरफडतो आणि निळी चावी शोधतो. तो चरफडला आणि एकाच दांडीने गरम-गार मिसळणारा नळ काढायच्या मागे लागला. बाजारात यायला १९४७ उजाडलं. पुढे सॅम फार्बर नावाच्या उद्योजकाने बघितलं, की आपल्या बायकोला संधिवातामुळे साधं सोलाणं धरवत नाही. त्यातून जाड, मऊ रबरी मुठीची सोलाणी आणि बाकीची हत्यारं १९९० मध्ये आली, आणि ती ज्यांचे हात ठणठणीत होते त्यांनीही उचलली. एकूण जगातल्या सुधारणा समित्यांमुळे होत नाहीत. कुणाचा तरी हात भाजावा लागतो किंवा कुणाच्या तरी बायकोचा दुखावा लागतो, आणि नवऱ्याचं तिच्याकडे लक्ष असावं लागतं. ही शेवटची अट जरा कडक आहे.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने तर २०१३ साली नियमच केला, की नव्या घरांत दारांना गोल मुठी नकोत, दांड्या हव्यात, नळांनाही दांड्या हव्यात. तिथे त्यावर चिक्कार वाद झाला, गोल मुठींचे प्रेमी पुढे आले. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या पिटकिन काउंटीत नेमका उलटा प्रकार. तिथे बाहेरच्या दारांना दांडी लावायला बंदी, कारण ती अस्वलांना उघडता येते. आमच्या सोसायटीत हा धोका नाही. आमच्याकडे वॉचमनलाही गेट उघडता येत नाही.

एवढी पूर्वतयारी करून मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानदारांना मी फार मानतो. त्यांना जगातल्या कुठल्याही अडचणीचं उत्तर माहीत असतं आणि ते एकच असतं.

"जुना पीस आणलाय?"

"जुना भिंतीत आहे."

"काढून आणा. त्याशिवाय कसं देऊ?"

"काढला तर पाणी बंद ठेवावं लागेल."

"मग नवा बसला की चालू करा."

"नवा तुम्ही जुना बघितल्याशिवाय देत नाही."

"बरोबर," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी मोबाइलवर काढलेला फोटो पुढे केला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून बघितला. "टाइल्स छान आहेत," म्हणाला. मग दया येऊन समजावून सांगितलं. स्पिंडलच्या टोकाला बारीक दाते असतात, चावी त्यांच्यावर बसते. प्रत्येक कंपनीचे दाते वेगळे, जाडी वेगळी. फोटोत दाते मोजता येत नाहीत. आणि समजा दाते जुळले, तरी नुसती दांडी बदलून उपयोग नाही. फुल टर्नच्या स्पिंडलवर दांडी लावली तर ती गोल गोल फिरत राहणार आणि नळ बंद होईल तेव्हा जिकडे तोंड असेल तिकडे थांबणार. "आज बारा वाजता, उद्या पावणेपाच वाजता," तो म्हणाला. "आतलं बदला. क्वार्टर टर्न घ्या, सिरॅमिकवालं."

त्याने एक उघडून दाखवलं. आत दोन गुळगुळीत चकत्या, एकीवर एक चिकटून बसलेल्या, दोघींना भोकं. दांडी पाव फेरा फिरवली की भोकावर भोक येतं आणि पाणी सुरू, परत फिरवली की बंद. आवळणं हा प्रकारच नाही. दाबायला रबर नाही, झिजायला वायसर नाही. मी ते बोटाने फिरवून बघितलं. करंगळीने फिरवून बघितलं. एवढ्यात गल्ल्यावरचे म्हातारे शेठ म्हणाले, "आई वयस्कर आहे ना? मग हे घ्या," आणि हॉस्पिटलात सर्जन हात धुतात तो कोपराने चालवायचा नळ काढला. वीतभर लांबीची दांडी. मी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा लावून नळ बघितला, शेठजींना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "अरे, मला आंघोळ करायचीय. ऑपरेशन नाही करायचं."

शेवटी प्लंबरला बोलावलं. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. हा जिल्हा देशभर प्लंबर पुरवतो. तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. या गृहस्थांचे काका, मामा, मेहुणे सगळे कुठल्या ना कुठल्या शहराच्या भिंतीत हात घालून उभे आहेत. तो आला, बाथरूमच्या दारात उभा राहिला, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि प्रत्येक प्लंबर सुरुवातीला जे म्हणतो ते म्हणाला, "कन्सील है साहब. टाइल तोडना पडेगा."

आई मागून म्हणाली, "क्यों?"

मुख्याध्यापिकेच्या 'क्यों'ला उत्तर द्यावं लागतं. तो थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला. "नहीं, देखते हैं," म्हणाला.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. त्याने गच्चीवर जाऊन लाइन बंद केली. पातळ पेचकसाच्या टोकाने लाल ठिपक्याची टोपी उचकटली. आत एक स्क्रू, गंजून तपकिरी झालेला, खाच जवळजवळ बुजलेली. त्यावर त्याने गंज सोडवायचं तेल मारलं आणि चहा मागितला. चहा होईपर्यंत तेल मुरतं, असं त्याचं शास्त्र. स्क्रू सुटला. चावी सुटेना. ती क्षारांनी स्पिंडलला सांधली गेली होती. त्याने खालून पेचकस घातला, वरून हातोडीने हलकेच ठोकलं, भोवती कापड गुंडाळून पान्याने पिळली, आणि एका क्षणी 'टक्' असा आवाज होऊन चावीचे दोन तुकडे झाले.

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. आतून ती पांढरी होती. प्लास्टिक. वर कागदाएवढा क्रोमचा थर. इतकी वर्षं आम्ही तिला भरीव पितळ समजून तिच्यापुढे हार पत्करत होतो. भंगारवाल्याला देऊन येईल काहीतरी, असा आईचा हिशेब होता, तोही बुडाला. प्लंबर समजूत घालत म्हणाला, "आजकल सब में यही आता है, मौसी." पुढचं काम त्याने झटपट उरकलं. पान्याने जुनं स्पिंडल काढलं, नवं आट्यात घातलं, टेफ्लॉन टेप गुंडाळून फ्लँज लावली, दांडी बसवली. मग दुसऱ्या चावीचंही तेच. टाइल एकही फुटली नाही. सगळं मिळून जो खर्च आला त्याहून जास्त बिल आम्ही चौघं इडली-डोसा खायला गेलो की होतं, आणि ते कुणी वर्षानुवर्षं पुढे ढकलत नाही.

सरावायला मात्र वेळ लागला. मुलगा पहिले काही दिवस दांडी थांबल्यावरही सवयीने पुढे रेटायचा. कोपर मागे लागून शॉवर आपोआप सुरू व्हायचा आणि आतून आर्त स्वर यायचा. आणि दांडी आडवी असल्यामुळे तिच्यावर काहीही अडकवता येतं हा शोध घरात एकाच वेळी सगळ्यांना लागला. आज तिच्यावर एक रुमाल, एक केसांचा रबर आणि अंग घासायची जाळी कायमची लटकलेली असते.

आईला मी अमेरिकेतला एक नियम वाचून दाखवला होता. तिथल्या अपंगांसाठीच्या कायद्याच्या मानकांत म्हटलंय, की नळासारखी वस्तू एका हाताने चालली पाहिजे, घट्ट धरणं, चिमटीत पकडणं, मनगट पिळणं यातलं काही लागता कामा नये, आणि पाच पौंडांहून, म्हणजे साधारण सव्वादोन किलोंहून जास्त जोर लागता कामा नये. तपासायची सोपी युक्ती अशी, की मूठ मिटून चालवून बघायची. हे सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी आई मूठ वळून घरभर फिरत होती. बाल्कनीची कडी: नापास. साखरेचा डबा: नापास. गॅसचं बटण: काठावर पास. मिक्सरचं भांडं: "पालकांना भेटायला बोलवा." लोणच्याच्या बरणीचा निकाल राखून ठेवला. दंतमंजनाच्या डबीचं झाकण तिने मुठीने उघडायचा प्रयत्न केला आणि पावडर सगळीकडे झाली, तेव्हा तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरला.

बातमी सोसायटीत पोचली. ती आईनेच पोचवली, सकाळच्या फेरीत, बाकावर बसून. त्या बाकावरच्या निम्म्या मंडळींनी शॉवर सोडलेला होता आणि प्रत्येकाचं आपापलं तत्त्वज्ञान होतं. एकांच्या मते शॉवरने सर्दी होते, दुसऱ्यांना डॉक्टरांनीच नको म्हटलं होतं, तिसऱ्या काकू पाणी वाचवत होत्या. पुढचा आठवडाभर आमच्या बाथरूमला वर्दळ होती. लोक चप्पल काढून आत जात, दांडी बघत, "प्लंबरचा नंबर देऊन ठेवा, घाई नाही" म्हणत आणि चहा पिऊन जात. खालच्या मजल्यावरचे काका मात्र नुसतं बघून ऐकणाऱ्यातले नाहीत. ते बँकेत ऑडिटला होते. संध्याकाळी फिरायला निघालेले, पांढरा शर्ट, पँट, हातात काठी, तसेच वर आले. "करंगळीने उघडतो म्हणे?" मी म्हटलं, "काका, जरा बाजूने—" पण ते शॉवरखाली जाऊन उभे राहिले होते आणि करंगळी पुढे झालेली होती.

दांडी फिरली. अगदी अलगद फिरली.

काका हलले नाहीत. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, काठी तशीच धरलेली होती. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "फिरायला मस्तच आहे हो. गरम यायला साधारण किती वेळ लागतो?"